लाइन गोठली आहे

४ जानेवारी
पोचलो एकदाचा बहारीनला! आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. उम्म अल हस्सममधली चार मजल्यांची जुनी इमारत, तळमजल्यावर मी. दुरुस्तीसाठी इमारत रिकामी करत आहेत, बहुतेक भाडेकरू गेले. तोवर मोटर, पाइपलाइन आणि गच्चीवरच्या टाक्या सांभाळायच्या, एवढंच काम. सुपरवायझर प्रशांत साहेब साताऱ्याचे, मोकळे वाटले. हवा तर अशी की पंखा नको आणि स्वेटरही नको. आईला फोन करून सांगितलं, शैलेंद्र सुखात आहे.

५ जानेवारी
चौथ्या मजल्यावर एक बाई अजून राहतात. अख्तरुन्निसा. एकट्या आहेत, अठ्ठावीस वर्षं इथे शिवणकाम करतात. दाभोळच्या निघाल्या! मी समोरच्याच धोपाव्याचा म्हटल्यावर हसत सुटल्या. मध्ये नुसती खाडी. मावशी नको, खाला म्हण म्हणाल्या. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. गुडघ्यांनी बेजार आहेत आणि लिफ्ट बंद, त्यामुळे खाली उतरणं नाही. ईद झाली की कायमच्या गावी जाणार, तोवर राहू द्या, असं त्यांनी कंपनीला सांगितलंय.

८ जानेवारी
साहेबांनी चौथ्या मजल्याचा कॉक बंद करायला सांगितलं. दोन दिवस पाणी नसलं की बाई आपोआप जाईल, म्हणाले. मी म्हटलं, वयस्कर आहेत. त्यावर साहेब शांतपणे म्हणाले की तुझा व्हिसा अजून कच्चा आहे, परत जायचं असेल तर तसं सांग.
गच्चीवर गेलो. बंद केला. कॉक नवा होता, दोन बोटांनी फिरला.

९ जानेवारी
खालांनी जिन्यातून हाक मारली. पाणी का नाही? काहीतरी सांगायचं म्हणून तोंडातून निघून गेलं, थंडीने लाइन गोठली. बहारीनमध्ये! बाहेर अठरा डिग्री. लहान मूलही हसलं असतं.
त्या हसल्या नाहीत. "अठ्ठावीस वर्षांत असा कधी झाला नाय. पण तू जाणकार. बर्फात हात घालू नको हां बाबा, बोटं फुटतील."
मला मान वर करता आली नाही.

११ जानेवारी
रोज दोन बादल्या माझ्या खोलीतून वर नेऊन देतोय. त्या दुवा देतात. आज माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. त्यांच्यासमोर शर्ट काढून उभा होतो. दुवा ऐकताना अंगाला काटे टोचतात.

१२ जानेवारी
साहेबांना कळलं. बादल्या बंद, म्हणाले. एक थेंब जरी वर गेला तर माझं तिकीट निघेल.

१३ जानेवारी
सकाळी खाला स्वतः खाली आल्या. चार मजले. दार वाजवलं. "शेलेंदर, एक बादली दे रे." मी पलंगावर बसून होतो, श्वास रोखून. बराच वेळ थांबल्या. मग रिकाम्या बादलीची कडी जिन्यावर आपटत हळूहळू वर गेली.
मी आतच होतो.

१४ जानेवारी
दुपारपासून पाइपवर टकटक. तीन ठोके, मग थांबतं, मग परत तीन. स्वतःला सांगितलं, लाइनमध्ये हवा आहे. बारा वर्षं प्लंबिंग केलंय. हवा अशी मोजून वाजत नाही.
मोबाइलवर गाणी लावली. मोठ्याने.

१५ जानेवारी
टकटक बंद. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटते.

१६ जानेवारी
राहवलं नाही. गच्चीवर जाऊन कॉक उघडला. निघायचं तर निघू दे तिकीट. पण पाणी पुढे सरकेना. पाइपला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तळव्याची कातडी पाइपला चिकटून राहिली.
पाइपवर पांढरा बर्फ. माथ्यावर ऊन.
पान्याने वळणावरचा जोड, एल्बो, सोडवला. आतून बर्फाची कांडी सरकत बाहेर आली.

१७ जानेवारी
गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली, हेअर ड्रायर लावला. वीतभर वितळतं, मागे हातभर गोठतं. खालांचं दार वाजवलं. उत्तर नाही. पाइपला कान लावला — तीन ठोके. म्हणजे आहेत. देवा, म्हणजे आहेत.

१८ जानेवारी
पोलिसांना बोलावून दार उघडलं. खाला स्वयंपाकघरात, नळाखाली. पडून मांडीचं हाड मोडलं होतं. फोन बाहेर शिलाई मशीनवर राहिलेला. हातात स्टीलचा मग, पाइपवर मगाचे ठसे. डॉक्टर म्हणाले, जाऊन तीन दिवस झाले असतील. म्हणजे पंधरा तारीख.
काल मी ऐकलं ते —
पोलिसाने विचारलं, पाणी का नव्हतं? साहेब माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला मी तोंड उघडलं. माझ्या कानांनी ऐकलं, मी म्हणालो, लाइन गोठली होती.
पाइपवर बर्फ होताच. त्याने तसं लिहून घेतलं.

१९ जानेवारी
साहेबांनी पाठ थोपटली. खोलीतला नळ सोडला, थेंब तोटीलाच लोंबत राहिला. कडक. बादलीत बर्फ. प्यायची बाटली फुटली.
तीन ठोके. भरदुपारी. माझ्याच नळात.

२० जानेवारी
आईचा फोन. सगळं सांगायचं ठरवलं होतं. जीभ टाळूला चिकटली, गार. एकच वाक्य निघालं. तेच.
आई म्हणाली, असं काय बोलतोस रे?

२१ जानेवारी, सकाळ
बोटं पांढरी. वाकत नाहीत. ठोके आता पाइपवर नाहीत, दारावर आहेत. हळू. रागाने नाहीत. एक बादली मागतायत. माझ्याकडे थेंब नाही — काय देऊ —
बोलता येत नाही. लिहिता येतंय अजून. हे पान पोलिसांना द्यावं.
पोलीस साहेब, अख्तरुन्निसा खालांचं पाणी गोठलं नव्हतं. आठ तारखेला गच्चीवरचा कॉक मी माझ्या हाताने