पाचवा मेल

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१८ जून २०२५

प्रिय गजाला,

तुझं पत्र मिळालं. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, असं एका ओळीत लिहितेस आणि दुसऱ्या ओळीत गच्चीवर लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवून आलीस म्हणतेस. तुझ्या मोईनला म्हणावं, अम्मीकडे जरा लक्ष दे.

मी बरी आहे. सार्थकही बरा आहे, फक्त चिडचिडा झालाय. आमच्या धंद्यात एक विचित्र प्रकार चाललाय. तुला त्यातलं काही कळणार नाही म्हणशील, पण मलाही कळत नव्हतं.

ह्यांनी केबल टीव्हीपासून सुरू केलेलं काम ह्यांच्यामागे सार्थकनं इंटरनेटवर आणलं. आता गारखेड्यापासून मुकुंदवाडीपर्यंत आमची वायर घराघरांत आहे. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता लागतो. इतकी वर्षं आम्ही एका मोठ्या कंपनीच्या पत्त्यांवर भाडेकरूसारखे राहत होतो. मे महिन्यात आमचे स्वतःचे पत्ते मिळाले. सार्थकनं पेढे वाटले. पेढे संपेपर्यंत तक्रारी सुरू झाल्या.

पहिले आले सखारामभाऊ. एसटीतून निवृत्त झालेत, मुकुंदवाडीला राहतात. म्हणाले, "सगळ्या जगाचं सगळं उघडतं, निस्ती माझी पेन्शनच उघडंना व्हय?" सार्थकनं आपल्या मोबाइलवर ती साइट उघडून दाखवली आणि तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय म्हणून त्यांना वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात ते नवाकोरा कॉम्प्युटर स्कूटरवर बांधून हजर. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा कालच घेतलाय. आता याचं काय म्हनता?"

सार्थकचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोबाइल दुसऱ्याच कंपनीच्या डेटावर चालत होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. मग त्यानं दोन मशीन शेजारी ठेवली. एकाला जुना पत्ता दिला, एकाला नवा. जुन्यावर पेन्शनची साइट झटकन उघडली. नव्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. नकारही नाही आणि होकारही नाही.

कारण ऐकशील तर हसशील. आम्हाला मिळालेले पत्ते कित्येक वर्षं कुणालाच दिलेले नव्हते. मोकळे प्लॉट म्हण. त्या काळात ठिकठिकाणच्या नेटवर्कवाल्यांनी आपापल्या फाटकाला यादी लावून ठेवली, की या पत्त्यांवर कुणी राहत नाही, तिथून आलो असं कुणी म्हटलं तर तो लबाड, आत सोडू नका. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे प्लॉट विकले गेले, आम्ही संसार मांडला, पण याद्या तशाच राहिल्या. लावणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो आणि नव्या माणसाला यादी आहे हेच ठाऊक नसतं. आपण आपल्या घरात कितीही दुरुस्त्या केल्या तरी उपयोग नाही. ज्याचं फाटक त्यानंच ती काढायला हवी.

अशी पाच ठिकाणं सापडली. सार्थकनं मेल पाठवले ते असे, की वाचणाऱ्याला वाटावं पोलीस आले. कुणी उत्तर दिलं नाही. इकडे गिऱ्हाइकं सोडून जायला लागली. शेवटी मला म्हणाला, "आई, तू लिही. तुझं कॉन्व्हेंटचं इंग्लिश कधी कामाला येणार?"

मग मी बसले. सिस्टर बर्नाडेट आठवते ना? आधी विचारपूस, मग अडचण, मग विनंती, आणि आभार असे की समोरच्याला नाही म्हणायची लाज वाटावी. चौघांना लिहिलं. पेन्शनवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी यादी काढली, कॉलेजनं काढली, गॅसवाल्यांनी काढली, बियाण्यांच्या कंपनीनं उद्या काढतो म्हणून कळवलंय. सखारामभाऊ पेरू घेऊन आले होते. एका लॅबचं तेवढं राहिलंय, रक्तबिक्त तपासतात त्यांचं. लिहीन सवडीनं. घाई नाही.

काल उगाच आपला निकालाचा दिवस आठवला. मी व्हरांड्याच्या खांबामागे डोळे मिटून उभी, आणि तू माझ्या वतीनं बोर्ड बघायला जायचीस. पास असले तर पळत यायचीस, सिस्टरांनी व्हरांड्यात पळायची बंदी केलेली असूनसुद्धा. एकदाच, आठवीच्या सहामाहीला, सावकाश चालत आलीस. ती पावलं मला अजून ऐकू येतात.

असो. त्या लॅबचं म्हणशील तर लोक मोबाइलवर बघू शकतात, तेव्हा कुणाचं अडलेलं नाही.

लोणचं चाखायला मिळेल अशा आशेवर,

तुझी
तनू

*

गारखेडा
२ जुलै

माझ्या गजाला,

फोनवर सगळं झालं, आता पत्र कशाला, असं तू म्हणालीस. पण फोनवर मी नुसती रडले. बोलले काहीच नाही. आणि हैदराबादेत मराठी वाचायला तुला माझंच पत्र मिळतं, हे तुझंच म्हणणं.

एप्रिलच्या शेवटी अंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, काखेजवळ. आईला होती तिथंच. आईचं तुला काय सांगू, शेवटी तिच्या उशाशी माझ्यापेक्षा तूच जास्त बसलीस. सार्थक नव्या पत्त्यांच्या धावपळीत होता, म्हणून मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट लॅबच्या साइटवर येईल, नंबर टाकून बघा आणि घेऊन या, म्हणाले.

रिपोर्ट यायच्या दिवशी मी सार्थकच्या टेबलाशी बसून नंबर टाकला. पान उघडलं नाही. नुसतं गोल फिरत राहिलं. गजाला, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मोबाइलवर उघडलं असतं. शेजारच्या कुणाकडेही उघडलं असतं. नेटवर्कवाल्याच्या आईला एवढं कळत नाही होय? पण मी मनाशी ठरवलं की आपल्या घरच्या वायरीवरून उघडेल तेव्हाच बघायचं. दवाखान्यातून फोन आला, त्यांनाही साइट चालत नाही म्हणून सांगितलं. खोटं नव्हतंच ते. सार्थकनं पाचव्याला लिहिलंस का विचारलं, तेव्हा मात्र लिहिलंय, उत्तर नाही, असं सांगितलं. हे खोटं होतं. तुझ्या-माझ्यात सांगते, रोज सकाळी मी ती साइट एकदा लावायची, गोल फिरताना बघायची आणि चहा ठेवायला उठायची.

तुझा फोन आला त्या दुपारी सखारामभाऊ आले होते. वच्छलाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या, किडनीचा रिपोर्ट त्याच लॅबकडे. मोबाइल त्यांचा साधा, बटनांचा. दर वेळी रिपोर्टसाठी स्कूटर काढून लॅबच्या शाखेत जातात. तक्रार केली नाही. नुसतं विचारलं, "लॅबवाल्याला लिवलं का ताई?" मी हो म्हटलं. "तुमी लिवलं म्हंजी उघडंल," म्हणाले आणि उठले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि तासाभरात तू. ना सलाम ना खुशाली. "तनू, चार लिहिले आणि पाचवा सवडीनं? शेवटचं गणित सुटल्याशिवाय डबा न उघडणारी तू?" मी लॅबबद्दल काहीतरी सांगायला लागले तर म्हणालीस, "लॅबचं नक्को सांगू. पत्रात दोनदा सांगून झालंय. किसका रिपोर्ट है?"

मला रडू फुटलं. मग म्हणालीस, "नंबर बोल."

मी नंबर सांगितला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. या वयात. तुझ्या चष्म्याच्या डबीचा आवाज आला. मोईनला बाजूला हो म्हणालीस, मग मोठ्यानं लागलेला टीव्ही बंद झाला. मी पावलं ऐकायचा प्रयत्न करत होते, फोनवर.

"गुडघे धड असते ना तनू," तू म्हणालीस, "तर पळत आले असते."

तिथून पुढचं मला आठवत नाही. साधी चरबीची गाठ, हे तू चार वेळा वाचून दाखवलंस म्हणे.

फोन ठेवला आणि तशीच बसून पाचवा मेल लिहिला. सिस्टर बर्नाडेटला नाव ठेवायला जागा सापडली नसती असा. दुसऱ्या दिवशी लॅबच्या नेटवर्कच्या माणसाचं उत्तर आलं. ती यादी त्याच्या आधीच्या माणसाच्याही आधी कुणीतरी लावलेली होती. काढली, आणि आधीच का नाही कळवलंत म्हणून विचारलं. त्याला काय सांगणार.

सार्थकला मात्र सांगितलं. आधी मेलवरून चिडला. "म्हणजे तू लिहिलंच नव्हतंस? मी त्या लॅबला शिव्या घालत होतो, आई." मग गाठीचं सांगितलं. तो माझ्याकडे पाठ करून नेटवर्कच्या स्विचमधल्या वायरी उगाच काढत-घालत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "यापुढे कुठं जायचं असेल तर मी गाडी काढतो. विचारायचं नाही, नुसतं सांगायचं." बापाचाच आवाज.

डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दाखवून जा म्हटलंय. जाईन. खरंच जाईन, हसू नकोस. सखारामभाऊंकडे कडुबाला, आमच्या लाइनमनला, पाठवलं होतं. रिपोर्ट उघडला, छापून दिला. वच्छलाबाईंचे आकडे मागच्यापेक्षा बरे आहेत.

आणि काल मी आमच्याच वायरीवरून, आमच्या नव्या पत्त्यावरून, माझा रिपोर्ट स्वतः उघडला. क्षणात आलं पान. उभ्यानंच वाचला, डोळे उघडे ठेवून.

दिवाळीला ये. मोईन सोडायला येईल, मी बोलले त्याच्याशी. अंगणात दोन पायऱ्या आहेत, त्यांना सार्थक कठडा बसवून घेतोय. फाटकातून तू कितीही सावकाश चालत आलीस तरी आता मला भीती वाटणार नाही.

तुझी, फाटक उघडं ठेवून,
तनू