मिठाचा दगड

मंगळवार, पासलीहून परतल्यावर

प्लॉटिंगच्या मोजणीसाठी आज माळावरच्या एका सपाट दगडावर मीच लाल रंगाने खूण केली. दगडावर गुळगुळीत खळगे होते. पावसापाण्याने पडले असतील, असं वाटलं. दुपारी धनगरवाड्यातल्या ठकूबाई शेळ्या घेऊन आल्या, हातात मिठाची पुरचुंडी. शेळ्यांनी रंग हुंगला आणि माना फिरवल्या.

"सासूच्या आदीपासनं हितंच मीठ ठेवतो आमी. चाटून चाटून खळगं पडल्यात," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराने रंग पुसत बसल्या. निघाला नाही.

खळगे दिसले होते ना मला? मग कुणाला विचारलं का नाही? फॉर्मवर 'सध्याचा वापर' या रकान्यात सकाळीच लिहून टाकलं होतं: काही नाही.