फूटबोर्ड काढलेली जीप

गास, वसई
रविवार, ६ जुलै २०२५

प्रिय एलिसा,

सप्रेम आशीर्वाद. थोरला असल्यामुळे तो द्यावाच लागतो; तू घ्यावास अशी सक्ती नाही.

प्रथम तक्रार. नाशिकहून तू पाठवलेल्या चिवड्याच्या डब्याचं झाकण आठवडाभर उघडत नाही. साम, दाम, दंड झाले. भेद करू गेलो तर डबाच जाईल. बहिणीने भावाचा असा छळ करू नये, असं कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं.

बाकी क्षेम. शाळेत दहावीचं संस्कृत अजून माझ्याच गळ्यात आहे.

फोनवर तू विचारलंस, "आईला नेमकं झालंय काय?" आणि मी म्हणालो, रेंज नाही. रेंज होती. आई पलीकडच्याच खोलीत होती.

तर जीपची हकीकत. रविवारी चिंचोटीकडच्या चिखलात गाड्या घालणाऱ्या पोरांत मी सामील झालोय, हे तुला ठाऊक आहेच. त्यातला भूपेश, माझाच जुना विद्यार्थी, सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, तुमची जीप म्हशीसारखी बसते हो चिखलात!" पन्नाशीतल्या माणसाला ते लागू नये. लागलं. मी गाडी उंच करून घेतली, भलेमोठे टायर चढवले. मग स्टेअरिंग वळवलं की टायर घासू लागले. गॅरेजवाल्या आग्नेलने ग्राइंडरने मडगार्डच्या कडा कापल्या, बंपरचे कोपरे उडवले. तरी थोडं घासतच होतं.

"सर, आता फक्त हा दाराखालचा फूटबोर्ड आड येतोय. काढू?"

"काढ."

त्या फूटबोर्डवर दर रविवारी कोण पाय ठेवतं, हे मला आठवलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी आई मिस्सेसाठी देवळात जायला पदर सावरून बाहेर आली, जीपकडे बघितलं आणि म्हणाली, "गुडघा धरलाय रे आज. तू जा." त्यानंतरच्या रविवारी पित्त. मीही मिस्सा आटोपून खुशाल चिंचोटी गाठली.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी फादर ॲलिस्टर दारात. आजाऱ्यांना घरोघरी कम्युनियनचा प्रसाद द्यायला ते निघतात, तसे. मी म्हटलं, "फादर, घर चुकलात. आमच्याकडे कोणी आजारी नाही."

आतून आवाज आला, "मी आहे, फादर."

टेबलावर पांढरं कापड, पेटवलेली मेणबत्ती, आणि आई गळ्यापर्यंत चादर ओढून पलंगावर. शेजारच्या कार्मिनकडून तिने स्वतःच आजाऱ्यांच्या यादीत नाव घालून घेतलं होतं.

फादर गेल्यावर मी विचारलं, हे काय?

"मग काय सांगायचं होतं? गाडीत चढता येत नाही म्हणून? घरात एवढी गाडी असून रिक्षाने देवळात गेले, तर लोक तुला हसतील."

त्या रविवारी मिस्सेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. आईचं नाव वाचलं. सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." शेजारी उभ्या असलेल्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एलिसा, तो हात मी झटकला नाही.

दुसऱ्याच दिवशी आग्नेलकडे गेलो. "कापलेलं काही जोडता येणार नाही हां सर," म्हणाला, पण गाडी खाली आणली, जुने टायर बसवले, फूटबोर्ड लावला. जीप दारात आणून मी म्हटलं, "आई, चल."

"आता कशी येऊ? नाव वाचलंय माझं. ताठ चालत गेले तर म्हणतील, म्हातारी खोटं बोलली. तेही कम्युनियनसाठी."

मी फादरना खरं सांगतो म्हणालो, तर तिने मला क्रुसाची शपथ घातली. आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

शेजारणी पेज घेऊन येतात. त्यांची चाहूल लागली की ती आडवी व्हायची आणि त्या गेल्या की उठून मासळी साफ करायला बसायची. आम्ही दोघं हसायचोदेखील.

गेले काही दिवस त्या गेल्यावरही ती उठत नाही. काल न्हाणीपर्यंत जायला तिने माझा हात मागितला, तेव्हा घरात आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. ती आजारी नव्हती गं. मला भीती वाटते, ती आता होते आहे.

तू ये.

तुझा,
सिप्रियन