मागची दोन चाकं

ट्रॉय, १० डिसेंबर २००६

प्रिय ताई,

लिहितो लिहितो म्हणत तीन आठवडे घालवले. आधी सुचेना, मग इथे पहिला बर्फ पडला आणि टायरच्या दुकानात अशी झुंबड उडाली की जेवायला फुरसत नाही. हो, सध्या मी टायर बदलतो. मोटेलमधलं काम सोडलं. त्याचं नंतर सांगतो, तिथला मॅनेजर एक नमुना होता... जाऊ दे.

मालक राज इथेच जन्मलेला. मराठी समजतं, बोलतो इंग्रजीच. पहिल्याच दिवशी माझी गाडी बघून त्याने कपाळाला हात लावला. "ड्यूड, स्नो टायर फक्त पुढे? हू टोल्ड यू?" सांगणारे आपले बाबाच! बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. नवा टायर पुढे, वरून नवं रबर चढवलेला जुना, रिमोल्ड, मागे, हे आपण पाढ्यांच्या आधी शिकलो. गेल्या फेब्रुवारीत मी तेच केलं. पुढच्या चाकांनी बर्फ धरला, मागची घसरत पुढे यायला निघाली आणि तुझ्या नेपरव्हिलच्या घराजवळच्या वळणावर आपण गरकन फिरून चरात गेलो, उलट्या तोंडाने. तू उतरलीस, बर्फातून घरापर्यंत चालत गेलीस आणि दारात म्हणालीस, "निमिष, तुझ्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही."

चूक बाबांच्या नियमामुळे झाली हे त्यांना सांगू नकोस हं. नागपूरच्या रस्त्यावर तो बरोबरच आहे.

आता चारही चाकांना स्नो टायर बसवलेत. साधं रबर थंडीत पाटीसारखं कडक होतं, हे मऊ राहतं, म्हणून रस्ता धरतं. गेल्या रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितले. गाडी सरळ थांबली. वळवली, तर मागचा भाग निमूट मागेच! निव्वळ काचेसारख्या बर्फावर मात्र हेही घसरतात. तिथे गाडी हळूच चालवायची, एवढं मला आता कळतं. हसू नकोस.

ताई, खरं कारण सांगतो. जानेवारीत शैलेंद्रभाऊजी जर्मनीला, तुझी बाळंतपणाची तारीख वीस, तुझ्याकडे आलेल्या बाबांकडे इथलं लायसन्स नाही. फोनवर मी येऊ का विचारलं, तर तू म्हणालीस, टॅक्सी बोलावीन. बर्फात टॅक्सी कधी येणार गं? मी येतो, महिनाभर राहतो. हॉस्पिटलला मला नेऊ दे. एवढंच मागायला बसलो होतो.

थांब, खाली टॅक्सीतून कोणीतरी उतरलंय. अगं, बाबा! तुझ्याकडून इथवर एकटे आले? माझी गाडी तपासायला तूच पाठवलंस ना? बेल न वाजवता आधी माझ्या गाडीभोवती फिरतायत. मागच्या चाकाशी उकिडवे बसले, हातमोजा काढून रबर दाबून बघतायत. आता दुसऱ्या बाजूचं. उठले. खिडकीकडे बघून गाडीची किल्ली मागतायत, आणि स्वतःची पिशवी मागच्या सीटवर ठेवायची खूण करतायत. म्हणजे माझ्या गाडीत बसणार! त्यांना घेऊन तुझ्याकडे निघतोच.

तुझाच,
निमिष