बाबांचे पाय पूर्वेकडे

दादा,

बाबा पहाटे गेले. गंजाडहून निरोप आला तेव्हा तू ड्यूटीवर होतास. गावकऱ्यांनी त्यांच्या रीतीने खड्डा दक्षिणोत्तर खणायला घेतलाय म्हणे. प्रभू येईल तेव्हा उठून बसताच समोर दिसावा, म्हणून बाबांना पाय पूर्वेकडेच हवे होते. ते खणणं थांबवायला मी पुढे जाते. भात झाकून ठेवलाय, दोन घास खा आणि दुपारच्या एस.टी.ने ये. बाबांशी भांडून तू चर्चमध्ये उपासनेला येणं सोडलंस, त्यावरून आज कोणी बोलणार नाही, मी बघते.

परवा गंजाडला गेले होते तेव्हा बाबांनी तुझं नाव घेऊन विचारलं, "त्या दिवशी शमुवेल माझ्या शेजारीच उठेल ना?" मी हो म्हणाले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मला खोटं पाडू नकोस.

सरला