नक्षीतली जास्तीची रेघ

४ डिसेंबर

ती. दादास धाकट्याचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? माझा खोकला गेला एकदाचा. घराखालचं दुरुस्तीचं दुकानही बरं चाललंय. लोक खुर्च्या मोडायचे थांबत नाहीत, तोवर मला चिंता नाही.

मागे पुतणीच्या लग्नात तू चारचौघांत म्हणालास, "हात बाबांचा आहे, पण धाकट्याचा पाय काही एका जागी ठरला नाही." सगळे हसले. मीही हसलो. होड्यांच्या कारखान्यात होतो, मग फळांच्या पेट्या ठोकल्या, मग नाटकवाल्यांचे खोटे दरवाजे केले, मग इमारतींच्या कामावर फळ्या मारल्या. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती तुला कधी दिसली का? सगळी खिळ्यांची कामं. जिथे लाकूड चिकटवायचा सरस तापवायची शेगडी दिसली तिथून मी काढता पाय घेतला. आजही डब्यातला तयार गोंद वापरतो, बायको नाक मुरडते तरी.

कारण बाबांचं सुतारकामाचं दुकान माझ्या शेगडीने जळलं. सगळे असंच म्हणतात. तू मात्र कधी म्हणाला नाहीस. "मी विझवली होती रे," असं मी रडत सांगत होतो, तेव्हा तू खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "तुला तसं वाटत असेल. जाऊ दे, झालं ते झालं." केवढं मोठं मन, असं लोक म्हणाले. बाबा त्यानंतर माझ्याशी कधी धड बोलले नाहीत आणि तसेच गेले.

आता इतक्या वर्षांनी कशाला उकरतोय म्हणशील. ऐक.

परवा शाळेतल्या एक बाई टीपॉय घेऊन आल्या. पाय मोडला होता. म्हणाल्या, "मागच्याच वर्षी करून घेतलाय. तुमच्या भावाकडूनच." मी टीपॉय उलटा करायला घेतला आणि कडेच्या नक्षीवरून बोट फिरलं. गोलाईच्या मधोमध केसासारखी एक उंच रेघ लागली.

ती रेघ तुलाही ठाऊक आहे. नक्षीच्या रंध्याचं पातं बाबा कानशीने घासत होते, मी पोरकटपणे त्यांच्या कोपराला धक्का दिला आणि पात्यात खाच पडली; तेवढ्या जागी लाकूड कापलं न जाता रेघ उठायला लागली. मला वाटलं आता मार खातो. बाबा म्हणाले, "राहू दे. आपलं काम लांबून ओळखू येईल." असल्या पात्याला धार पाठीकडून लावतात, त्यामुळे खाच जन्मभर राहते. पण तो रंधा तर आगीत गेला ना? तूच सांगितलंस, हत्यारांतलं एकही वाचलं नाही.

मी तुझ्या बाजूनेही विचार करून पाहिला. म्हटलं, राखेत पातं सापडलं असेल. पण आगीत तापलेलं पातं मऊ पडतं, धार धरत नाही. या टीपॉयची नक्षी लोण्यासारखी कापलेली आहे. हे पातं आगीत नव्हतंच, दादा. आग लागायच्या आधी ते कुणीतरी बाहेर काढलं होतं.

मग एकेक आठवायला लागलं. वेगळा कारखाना काढायला बाबांनी तुला नाही म्हटलं होतं, ते आगीच्याच महिन्यात. तुझ्या कारखान्यावर मी आलो की चहा पुढच्या ऑफिसातच यायचा. आतली खोली बघू म्हटलं की वहिनी म्हणायच्या, "नको भावजी, उंदीर झालेत." बरीच वर्षं टिकले हो तुमचे उंदीर.

वहिनींना हे पत्र दाखव किंवा नको दाखवू, तुझी मर्जी. मला तुझ्याकडून कागदावर काही नको. लिहिण्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, पुन्हा मलाच तसं वाटलं असेल म्हणशील. सोबत लाकडाची एक पट्टी पाठवतोय. तिच्या कडेला तुझ्या कारखान्यातली नक्षी काढून परत पाठव. रेघ असली तर मी समजेन. पातं बदलून गुळगुळीत पाठवलीस तरी समजेन.

आज दुपारी बाईंच्या टीपॉयसाठी मी शेगडी पेटवली. बायको दारात उभी राहून बघत होती. सरस तापवला, पाय चिकटवला. मग निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि बाबांनी शिकवलं होतं तसा राखेत हात घालून पाहिला. हाताच्या लक्षात होतं सगळं. त्या संध्याकाळीही मी असाच हात घातला होता, दादा. राख गार होती.

तुझा,
शेगडी विझवून घरी गेलेला,
धाकटा