चेंबरच्या नटाचे आटे

मिस्त्री, आज गॅरेजमध्ये एका गाडीच्या चेंबरचे आटे गेले. माझ्याकडचा कारागीर, दोन लेकरांचा बाप, गाडीखालून बाहेर आला आणि पान्ना हातात धरूनच सरळ म्हणाला, "मालक, आटं माझ्याकडनं गेलं. नट बोटानं लावायचा सोडून थेट पान्ना लावला." एवढंच. इंजिनाचं ऑइल सोडायचा तो खालचा नट, ऑइल साठायचं चेंबर ॲल्युमिनियमचं, नट वाकडा चढला की आटे सोलून निघतात, हे कुणाच्याही हातून होतं. आणि मी चारचौघांत त्याच्यावर असा ओरडलो, की शेजारच्या टायरवाल्यानं डोकावून बघितलं. "उद्यापास्नं येऊ नगंस," म्हणालो. तो म्हणाला, "चुकलं म्हणून सांगितलं की मालक," आणि डबा उचलून निघून गेला.

तुमच्याकडे नियम होता. नट कुणीही खोलावा, शेवटचा पीळ तुम्हीच द्यायचा. तुम्ही पान्ना आखूड धरायचात, डोळे मिटायचात आणि "बास" म्हणायचात. तुमचं "बास" झाल्याशिवाय गाडी दारातून हलायची नाही. मी आठ वर्षं तुमच्या हाताखाली होतो, तीस वर्षांचा घोडा झालो होतो, आणि हा मान मला का मिळत नाही म्हणून आतल्या आत धुसफुसत होतो. त्या दिवशी गडहिंग्लजचे एक पावणे घाई करत उभे आहेत, तुम्ही बाहेर चहा पिताय, मी गाडीखाली. मी थेट पान्ना लावतो. नट अडतो, मी जोर देतो, आणि एकदम सगळं मोकळं होतं. ॲल्युमिनियमचा चकचकीत चुरा तळहातावर पडला, तो मी पँटला पुसला. तुम्हाला हाक मारायची होती, हाकेच्या अंतरावर होतात. पण मी नळाच्या कामाची पांढरी टेप नटाला गुंडाळली, तो दाबून बसवला आणि मग तुम्हाला बोलावलं. तुम्ही खाली सरकलात, पीळ दिलात, टेपेमुळे नट घट्ट लागला असणार. "बास," म्हणालात.

नट वाटेत पडला, ऑइल सगळं सांडून गेलं. लाल दिवा लागला तरी पावणे थांबले नाहीत आणि इंजिन जाम झालं. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली तेव्हा तुम्ही स्वतः खाली शिरलात आणि भोकात बोट घालून कितीतरी वेळ पडून राहिलात. बाहेर आलात ते बोटांकडे बघतच. साखरेनं तुमची बोटं बधिर होत चालली होती, आणि ते तुम्ही सगळ्यांपासून लपवत होतात, हे मला तेव्हाच कळलं. "माझ्याच हातनं झालंय लेका. जास्ती आवळला गेला. बोटास्नी कायबी कळंना झालंय." मग विचारलंत, "तुला काय जाणवलं हुतं काय रं?" मी म्हणालो, "न्हाय मिस्त्री."

पावण्यांचं इंजिन तुम्ही पुन्हा बांधून दिलंत, आणि ते तुमचं शेवटचं काम. आठ दिवसांत गॅरेजच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यात. मी त्या घेतल्या. पुढची दोन वर्षं तुम्ही दाराशी खुर्ची टाकून अंगठ्यानं एकेक बोट चोळत बसायचात, आणि गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवायचात. मी मूग गिळून काम करत होतो. काकी सांगतात, शेवटी शेवटी तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी धरायचात, सुटेल म्हणून. त्यांना वाटतं साखरेनं तुम्हाला खाल्लं. मला तसं वाटत नाही. हातावरचा विश्वास गेला की मिस्त्री उरतो कुठं? तो मी घालवला, आणि त्याच्यावर चौदा वर्षं भाकरी खाल्ली.

दुपारी ते चेंबर मीच दुरुस्त केलं. भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, त्यात स्टीलचं बुश बसवलं, थोडं ऑइल ओतून चुरा धुऊन काढला, नवा वायसर घातला आणि नट बोटांनी लावला. अर्ध्या तासाचं काम. तेव्हाही अर्ध्याच तासाचं होतं. संध्याकाळी कारागिराला फोन करून उद्या ये म्हणालो. का ओरडलो ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जे त्याला पान्ना खाली ठेवायच्या आत जमलं, ते मला जमलं नव्हतं, याचाच राग होता.

काकी पेठ वडगावला लेकीकडे असतात. हा कागद त्यांना वाचून दाखवावा असं एकदा मनात आलं, पण दाखवणार नाही. मिस्त्री, त्या दिवशी तुमचा हात चुकला नव्हता. हे लिहायला आज हात धजावला तो तुम्ही नाही म्हणूनच. तुम्ही अजून दाराशी खुर्चीत असता आणि तेच विचारलं असतं, तर मी आजही "न्हाय मिस्त्री" म्हणालो असतो.